नुसतं पाणी पिऊ नको

शाळा सकाळची झाली की आमच्या घराचा कारभार आत्याबाईंच्या हातात जायचा. एरवी घर आईचं. पण ऊन तापायला लागलं की चूल, माठ, ताकाचं गाडगं आणि आमची तोंडं या सगळ्यांवर दादांच्या थोरल्या बहिणीची हुकमत सुरू व्हायची आणि आई गुपचूप बाजूला सरकायची. दादा म्हणजे माझे वडील. ते हिंगोलीकडच्या गोरेगावच्या शाळेत मास्तर होते. आत्याबाईंना हट्टा गावात दिलं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून त्या भावाकडे राहायला आलेल्या. मी थोरली, चौदा वर्षांची. माझ्या पाठची संगीता, म्हणजे संगी, दहाची. आम्हा दोघींना उन्हाळ्यातून धडधाकट बाहेर काढणं हे काम आत्याबाईंनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं आणि एखाद्या मुकादमानं करावं तसं त्या ते करायच्या.

सकाळी उठल्याबरोबर आंबील. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी ताकात भिजत टाकलेलं असायचं. ते चुलीवर चढलं की पातेल्यातून जाड, आळशी बुडबुडे फुटल्याचा आवाज यायचा, आणि त्याच आवाजानं मला जाग यायची. लसूण-जिरं ठेचून घातलेली ती आंबील वाटीभर पोटात गेल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. दहाच्या सुमाराला ताक-कण्या आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. जेवणात आठवड्यातून तीनदा चिवळीची भाजी, कारण चिवळ पोटातली आग विझवते. दुपारी फुपाट्यात भाजलेल्या कैऱ्यांचं पन्हं, त्यात गूळ सढळ हातानं. संध्याकाळी धने-जिरे-बडीशेप भिजवलेलं पाणी, खडीसाखर घालून. निजताना चमचाभर गुलकंद. मृग लागेपर्यंत यातलं काहीही चुकवायची सोय नव्हती. मी एकदा कण्या कोंबड्यांना घातल्या तर आत्याबाईंनी मला दुप्पट कण्या समोर बसून खायला लावल्या.

या सगळ्याच्या वर एक नियम होता आणि तो घरात आलेल्या पाहुण्यालाही लागू होता. उन्हातून आलेल्या माणसाला नुसतं पाणी द्यायचं नाही. आधी गुळाचा खडा, मग पाणी. तापल्या अंगात नुसतं पाणी गेलं की ते बाधतं, असं आत्याबाईंचं म्हणणं. आमच्या भागात तेव्हा घरोघरी हे होतंच, पण आत्याबाईंनी त्याचा कायदा करून टाकला होता. त्या कनवटीला कापडात बांधलेला गूळ ठेवायच्या. माठाकडे पाऊल वळलं की मागून आवाज यायचा, "नुसतं पाणी पिऊ नको गं." आणि आपण तोंड उघडायचं.

हल्ली हिंगोलीत आंबिलीचं तयार पीठ पाकिटात मिळतं. मी तेच आणते, वेळ वाचतो. जुन्या खाण्याला नावं ठेवायला मी बसलेली नाही. आंबील चांगलीच, चिवळही चांगली. त्या खाण्यावर आम्ही कितीतरी उन्हाळे काढले आणि आम्हाला काही झालं नाही. म्हणूनच त्या वर्षी कुणाला शंका आली नाही.

त्या वर्षी संगीला तहान लागायला लागली. सुरुवातीला ते गमतीचंच होतं. एका दमात तांब्या रिकामा करायची आणि ढेकर देऊन दुसरा भरायची. शेजारच्या मथुराबाई म्हणाल्या, "मास्तर, पोरीला हिरीवर नेऊन बांधा, माठ पुरायचा न्हाई." सगळे हसले, संगीही हसली. ऊन तसं कडकच होतं. सगळ्यांनाच तहान लागत होती. फरक इतकाच, की आमची भागायची आणि तिची भागत नव्हती. दर तांब्याआधी आत्याबाई तिच्या तोंडात खडा टाकायच्या. खडा गेला, पाणी गेलं, आणि अर्ध्या तासात पुन्हा माठाचं झाकण वाजायचं.

मग ती सारखी मोरीकडे पळायला लागली. आमच्याकडे याला नाव तयार होतं. उन्हात हिंडणाऱ्याला लघवीचा त्रास झाला की त्याला उन्हाळी लागली म्हणायचं, आणि उन्हाळी लागली की धने-जिऱ्याच्या पाण्यात खडीसाखर वाढवायची. आत्याबाईंनी वाढवली. "उष्णता भरली लेकराच्या अंगात," त्या म्हणाल्या, "आपसूक निघून जाईल." दादांचा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नसायचा. ते शिकलेले, विहारात दर पौर्णिमेला चार शब्द बोलणारे. त्यांनी काय केलं, तर सेनगावहून ग्लुकोजच्या पावडरीचा डबा आणला. "अक्का, तुझा गूळ राहू दे, पण हे शास्त्रशुद्ध आहे," असं म्हणून ते रोज दुपारी स्वतः दोन मोठे चमचे पाण्यात ढवळून संगीला द्यायचे. आत्याबाईंचा गूळ बंद झाला नाही. त्यावर दादांचं ग्लुकोज चढलं, एवढंच.

आता मला जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल आहे. अंगणात आम्ही दोघी एका बाजेवर निजायचो. एका सकाळी गोधडी ओली. संगी दहा वर्षांची, चौथी पास झालेली पोरगी. तिनं माझ्या गळ्याला चिमटीत धरलं. "ताई, गळ्याची शपथ आहे. कुणाला सांगू नको." मी सांगितलं नाही. तांब्या लवंडला असं सांगून गोधडी वाळत घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "रोजच कसा तांब्या लवंडते गं तुमचा?" मी म्हणाले, मांजर येतं. आणखी एक होतं. मोरीच्या मागं भिंतीलगत, जिथं संगी घाईत बसायची, तिथं मुंग्या यायच्या. थोड्या नाहीत, काळी जाड दोरी पसरावी तशी रांग. जमीन वाळायच्या आत त्या तिथं हजर असायच्या. बाकी मोरीत एक मुंगी नाही. मी ते पाहिलं, मला ते बरं वाटलं नाही, आणि मी चुलीतली राख आणून वर टाकली. दुसऱ्या दिवशी त्या राखेवरून चालत आल्या.

संगी वाळत चालली. खायची सगळ्यांपेक्षा जास्त, दोन भाकरी मागून घ्यायची, आणि तरी तिची मनगटं बारीक होत गेली. झग्यातून खांदे खुंट्यांसारखे वर यायला लागले. आत्याबाईंना हे दिसत नव्हतं असं नाही. त्यांना दिसत होतं आणि त्याचा त्यांना राग येत होता, उन्हाचा राग. त्या गुलकंद दोन चमचे द्यायला लागल्या. मोरंबा काढला. मथुराबाई भिंतीवरून बघत म्हणाल्या, "अक्का, पोरीला मुरवून राहिल्या का काय?"

"तुमच्या लेकरायला द्यायला जमत न्हाई म्हून बोलता व्हय?" आत्याबाईंनी लगेच परतवलं. "आमी कमी करत न्हाई."

"कमी करा म्हणत न्हाई बाई. पण पोरगी खाऊन खाऊन काहून वाळून राहिली?"

संगी तेव्हा माठापाशीच उभी होती. तिनं दोघींकडे पाहिलं, आपण होऊन आत्याबाईंसमोर तोंड उघडलं, गूळ घेतला आणि तांब्या लावला. तिच्या ओठांच्या कडा फुटल्या होत्या. मला वाटतं, त्या क्षणी अंगणातल्या आम्ही तिघी मोठ्या बायकांनी थोडं थोडं काहीतरी ओळखलं होतं. मी मला मोठ्यांत धरते, कारण मला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं.

बुद्धपौर्णिमेला विहारात खीर होती. संगीला पांढरा झगा घातला तो मागून दोन पिना लावून आवळावा लागला. दादांचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात ती तीनदा बाहेर जाऊन आली आणि तिसऱ्यांदा परत येताना भिंतीला हात धरत आली. खिरीच्या वेळी मात्र तिनं चार वाट्या घेतल्या. भूक होती म्हणून नाही. मी तिच्या शेजारीच होते. ती खीर खात नव्हती, पीत होती. पातळ होती म्हणून पीत होती. वाढणाऱ्या बायका कौतुकानं म्हणाल्या, "मास्तरच्या पोरीला खीर आवडली." घरी येताना तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं तेव्हा तिच्या तोंडाला वास आला. फळ पिकून उतरायला लागल्यावर येतो तसा गोडसर, आंबूस वास. मी विचारलं, "आंबा खाल्लास का गं?" ती म्हणाली, "न्हाई. पाणी दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आंबील ओकली. मग पन्हं ओकलं. मग नुसतं पोट धरून पडून राहिली आणि तिचा श्वास बदलला. खोल, लांब, भात्यासारखा श्वास, पळून आलेल्या माणसासारखा, आणि ती तर तासभर हललीही नव्हती. गावातले डॉक्टर लग्नाला गेले होते. त्यांच्या दवाखान्यातल्या माणसानं येऊन डोळ्यांची खालची कड ओढून पाहिली आणि ऊन लागलंय असं आमचंच आम्हाला परत सांगितलं. आत्याबाईंनी कांदा ठेचून तळपायाला बांधला. आईनं पहिल्यांदाच मध्ये तोंड घातलं. "हिंगोलीला न्या," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"भर उन्हात?" आत्याबाई म्हणाल्या. "उन्हानंच तर पडली ना?"

"तरी न्या."

जीप चौकात उभी होती आणि माणसं भरल्याशिवाय हलत नव्हती. दादा ड्रायव्हरला म्हणाले, सगळ्या सीट माझ्या, चल. मागच्या बाकावर संगीला आडवं घातलं, डोकं आत्याबाईंच्या मांडीवर, पाय माझ्या. आई पुढं दादांजवळ बसली. वारा भट्टीतून यावा तसा येत होता. खिडकीला ओलं लुगडं बांधलं होतं ते सेनगावच्या आत कोरडं खडखडीत झालं. आत्याबाईंनी सोबत पन्ह्याची बरणी घेतली होती. रस्ताभर, खड्ड्यात जीप आपटली तरी एक थेंब सांडू न देता, त्या संगीचे ओठ उघडून चमच्यामागून चमचा सोडत होत्या. "घे माझी बाय, घे. नुसत्या कोरड्या तोंडानं झोपू नको." बरणी निम्मी झाली. हिंगोलीची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा संगी गिळायची थांबली होती, आणि पन्हं तिच्या गालावरून माझ्या परकराच्या काठावर ओघळत होतं.

लहान मुलांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी संगीला हात लावायच्या आधी वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. मग भराभर काहीतरी नर्सला सांगितलं. नळी घालून थोडी लघवी काढली, काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात तिचे थेंब टाकले आणि ती नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. आम्ही सगळे बघत उभे. निळं पाणी हिरवट झालं, पिवळं झालं आणि मग विटेसारखं तांबडं होऊन घट्ट झालं. डॉक्टरांनी नळी बाजूला ठेवली. नर्स सुई लावत होती. ते कागद ओढून म्हणाले, "घरी हिला काय काय खायला देता?"

दादा बोलणार होते, पण खाणं हा आत्याबाईंचा प्रांत. त्यांनी पदर नीट केला. दवाखान्यात मोठ्या माणसापुढं उभं राहून आपलं काम सांगायची वेळ त्यांच्यावर प्रथमच आली होती, आणि त्यांनी ते चोख सांगितलं. आंबील सांगितली. कण्या सांगितल्या. पन्ह्यात गूळ किती, तो हातानं दाखवला. खडीसाखर, गुलकंद, मोरंबा. मास्तरांची पावडर. काल विहारात खीर. "आन् पाणी मागितलं की आधी गूळ," त्या म्हणाल्या, "नुसतं पाणी आमच्यात देत न्हाईत साहेब. आमी लेकरायला काहीच कमी केलं न्हाई."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले होते. "दर वेळी गूळ?"

"दर बारीला."

"दिवसातून किती वेळा पाणी मागते?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सांग की गं. तू असतेस की तिच्यासंगं."

"तीस बार," मी म्हणाले. "चाळीस. मोजलं न्हाई." आणि मग तिथंच, कुणी विचारलं नसताना, मी गोधडीचं सांगितलं आणि मुंग्यांचंही सांगितलं. दादांनी डोळे मिटून घेतले. आमच्यात त्यांनाच सगळ्यात आधी कळलं.

"मुंग्या कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"शाळेला सुट्ट्या लागल्यापासून."

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त "बरं" म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं, की साखर जिरवणारा रस हिच्या शरीरात तयार व्हायचा थांबलाय, तो आता बाहेरून टोचावा लागेल. पण आज ही शुद्धीवर येईल की नाही हे ते सांगू शकत नाहीत. आत्याबाई मध्येच म्हणाल्या, "म्हंजे गुळानं झालं का हे?"

"गुळानं हा आजार होत नाही, आजी. तो होणारच होता. पण तो झाल्यावर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"झाल्यावर आमी रोज घालत गेलो," आत्याबाईंनी ते पुरं केलं. त्या बाकावर जाऊन बसल्या, कनवटीचा गूळ सोडला आणि कापडासकट खिडकीबाहेर टाकला. नंतर डॉक्टरांनी, दादांनी, मीही, कितीदा सांगितलं की रोग गुळाचा नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं. मानलं कधीच नाही.

दोन दिवस संगी त्या भात्यासारख्या श्वासावर पडून होती. दादा औषध आणायला नांदेडला जाऊन आले. आई संगीच्या पायाशी बसून राहिली, रडली नाही, कुणाला दोष दिला नाही, पण आत्याबाईंनी पुढं केलेला चहा तिनं दोन्ही दिवस घेतला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी श्वास हलका झाला. दुपारी संगीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "पाणी." घरात सगळ्यात साधा असलेला शब्द, आणि आमच्यातल्या एकाचाही हात पुढं होईना. शेवटी नर्सनं चमच्यानं नुसतं पाणी दिलं.

आठव्या दिवशी आम्ही गोरेगावला परत आलो. गावात फ्रीज नव्हते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दादांनी एका मडक्यात ओली वाळू भरून त्यात औषधाची छोटी बाटली पुरली. एक दिवस चुकला तर चालेल का, असं त्यांनी निघताना विचारलं होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते, एक चुकला तर परत इथं याल, दोन चुकले तर येऊ नका. त्या सुया पुढं एकोणीस वर्षं चालल्या. संगीचं शेवटचं वर्ष कसं गेलं हे इथं सांगत नाही. ते माझ्या बालपणात बसत नाही.

पहिली घरची सुई कुणी द्यायची यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत प्रश्न उभा राहिला. दादांनी सुई स्वतःच्याच बोटात खुपसून घेतली. आईनं तोंड फिरवलं. मी पुढं झाले तर संगी किंचाळली. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दवाखान्यातले आठही दिवस त्यांनी नर्सच्या पाठीमागं उभं राहून बघितलं होतं आणि भाजीच्या वांग्यांना पाणी टोचून टोचून हात बसवला होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. "आणा इकडं," त्या म्हणाल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी नळी उजेडात धरली, रेघा मोजल्या, हवा काढली आणि संगीचा दंड चिमटीत धरला. सुई आत गेली तरी संगी हलली नाही.

"आत्याबाई, उद्या बी टोचायचं?"

"व्हय."

"परवा?"

"परवा बी."

संगीनं थोडा विचार केला. "मिरग लागल्यावर तर बंद ना? पन्हं, गुलकंद सगळं बंद करतो तवा?"

दादा उठून अंगणात गेले. आई आत गेली. मला वाटलं, आत्याबाई आता खोटं बोलतील. कडुलिंबाचा रस गोड आहे म्हणून त्यांनी आम्हाला कितीदा पाजला होता. त्यांनी सुई काढली आणि कापसाचा बोळा दंडावर दाबून धरला.

"न्हाई माय. हे मिरगाचं न्हाई. हे तू हाईस तवर."

"आन् तुमी मेल्यावर मला कोण टोचल?"

आत्याबाईंनी बोळा उचलून पाहिला. रक्त आलं नव्हतं. मग त्यांनी ती रिकामी नळी संगीच्या हातात दिली आणि तिची बोटं तिच्याभोवती मिटवली.

"इकडं सरक उजेडात," त्या म्हणाल्या. "ह्या रेघा दिसून राहिल्या का? मोज."

संगीनं नळी डोळ्यांजवळ धरली आणि मोजायला लागली.